चिखलातली सिस्ट

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘सिस्ट’ हा शब्द वाचला आणि माझी भूकच गेली. “अंडाशयावर छोटीशी पिशवी आहे, तिच्यात नुसतं पाणी आहे, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू,” असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, तरी मनात नको नको ते यायचं.

माझी मुलगी रेवा प्राणिशास्त्र शिकते. एका दुपारी तिनं मला जवळजवळ ओढतच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. आटलेल्या तळ्याचा वाळका चिखल तिनं सकाळी पाण्यात भिजवला होता. त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती म्हणाली, “आई, बघ. हीसुद्धा सिस्टच.”

मी डोळा लावला. एक गोल, नितळ कवच दिसलं. तळं आटलं की इवलासा जीव स्वतःभोवती असं कवच करून आत निजून राहतो, पाणी येईपर्यंत.

“आणि माझी गं?”

“तुझ्यात कुणी निजलेलं नाही. नाव तेवढं एक.”

मला हसू फुटलं. किती दिवस मी त्या नावालाच घाबरत होते! आणि इथे तेच नाव एका जिवाला उन्हाळाभर सांभाळून बसलं होतं. तेवढ्यात कवचात काहीतरी गरगरलं.

“अगं, हलतंय!” मी ओरडलेच. कवच फाटलं आणि तो जीव सुळकन बाहेर पडून पोहू लागला.

पुढे माझी सिस्ट आपोआप विरली. पण ती बातमी ऐकतानाही मी त्या दुपारइतकी हरखले नव्हते.

त्या दुपारी प्रयोगशाळेत शेवटी रेवाच म्हणाली, “आई, आता मला बघू दे ना.”

“थांब गं जरा,” मी म्हटलं, “शेजारची फुटायला आलीय!”