थांबलेला माग

वडगावातली ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. गेल्या महिन्यात तिची पुन्हा आठवण झाली ती एका कादंबरीमुळे. खेड्यातल्या गुप्तहेराची ही जुनी, गाजलेली कादंबरी वाचायची राहिली होती. वाचनालयातून आणली, दोन दुपारींत संपवली आणि निराश झालो. त्यातला गुप्तहेर चिखलातला एक ठसा मोजतो आणि चोर पकडतो. गावातल्या बायकांना कोणी काही विचारतच नाही. मला जास्त लागलं, कारण तीच चूक मी केली होती.

तेव्हा मी फौजदार होतो. एका विणकराच्या घरातून, लग्नासाठी विणलेल्या तीन रेशमी साड्या भरदुपारी गेल्या. त्याचा धाकटा भाऊ स्वतःहून ठाण्यात आला. जबाबात म्हणाला, "मी माझ्या मागावर विणत होतो. खिडकीतनं बघितलं, आमचा कामगारच बोचकं घेऊन गेला."

कामगाराच्या घरझडतीत काही मिळालं नाही. दोन दिवस त्याला ठाण्यात बोलावून उलटसुलट विचारलं. त्याचं एकच उत्तर, "साहेब, मी मागावरनं उठलोच न्हाय." त्याची बायको डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसून असे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा त्या गल्लीत गेलो. शेजारची वयस्क आक्का ओसरीत मागासाठी सुताच्या कांड्या, म्हणजे छोटी रिळं, भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या माणसाला उगंच धरलाय. चोरी झाली त्या दुपारी त्याचा माग चालू होता. बंद होता तो धाकट्याचा, लई वेळ."

"नुसत्या आवाजावरून कळतं?"

"जलमभर ऐकत्ये न्हवं."

मला राहवलं नाही. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि हवालदाराला गल्लीतले चार यंत्रमाग एकेक करून बंद करायला सांगितलं. चारही वेळा तिने कोणाचा माग थांबला ते अचूक सांगितलं. यंत्रमाग विजेवर चालला तरी दर काही मिनिटांनी कांडी संपते आणि माणसाला ती बदलावीच लागते. माग चालू होता, म्हणजे कामगार जागेवर होता.

धाकट्याला समोर बसवून विचारलं, "माग बंद ठेवून कुठं गेला होतास?" तो म्हणाला, "साड्या आम्ही दोघं विणतो, नाव एकट्या अण्णाचं हुतंय." साड्या त्याच्याच खोलीत, सुताच्या पोत्यात निघाल्या. पोलीस आधी कामगारावरच संशय घेतील, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

मी आक्काला विचारलं, "दोन दिवस का बोलला नाहीत?"

"तुमची मान्सं आलती की. घरात गडीमाणूस कोण हाय, इचारलं आन् गेली."

तेव्हापासून चौकशीला गेलो की मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊ लागलो. कामगाराची मी माफी मागितली. तो मान हलवून निघून गेला. महिन्याभरात त्याने ती गल्ली सोडली आणि दुसऱ्या एका कारखान्यात लागला. जाताना त्याची बायको आक्काला म्हणाली म्हणे, "साड्या घावल्या, पर लोकं अजून आमच्या पिशवीकडं बघत्यात."