फिरकीचा साबण

तिला सगळे फिरकी म्हणतात. एक तर ती दिवसभर स्क्रू फिरवते, आणि दुसरं म्हणजे समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय तिला चहा जात नाही. खोक्यातून येणारं फर्निचर लोकांच्या घरी जाऊन जोडून द्यायचं, हे तिचं काम. अकरा वर्षं झाली. तिनं जोडलेल्या पाळण्यातली पोरं आता सायकली चालवतात. आमच्या फिटर संघटनेत ती पहिल्यापासून आहे, पण सभेत तोंड उघडत नव्हती. जे सांगायचं ते तिचा हात सांगायचा.

कंपनीनं त्या हातालाच नावं ठेवली. म्हणून हे लिहितोय.

कंपनीचे काळे स्क्रू म्हणजे निव्वळ फसवणूक. दिसायला चकाचक, आतून ठिसूळ. त्यात फळीला कारखान्यातून पाडलेली भोकं अरुंद. टणक लाकडात शेवटचे दोन आटे उरले की कट्‌ आवाज येतो, डोकं उडतं आणि दांडी आतच राहते. यावर फिरकीचा एक उपाय होता. खिशात साबणाचा तुकडा. स्क्रू त्यावर एकदा ओढायचा, आट्यांत साबण भरला की लोण्यात शिरल्यासारखा आत. तिचं पाहून आम्ही चाळीसही जण खिशात साबण ठेवायला लागलो. तरीही एखादा तुटलाच, तर ती बारीक पटाशीनं दांडीभोवतीचं लाकूड जरासं कोरायची, टोकदार पकडीत दांडी धरून उलटी फिरवून काढायची, भोकात सरस लावून लाकडी खुंटी ठोकायची आणि नव्यानं स्क्रू बसवायची. गिऱ्हाइकाला पत्ताही लागायचा नाही. कंपनीची अब्रू अशी आमच्या खिशातल्या साबणावर उभी होती.

घरी मात्र सासूची रोज कटकट. “अगं, आंघोळीला वडी घेतली की निम्मी गायब! माझ्या पाठीला लावू की तुझ्या कंपनीला?”

“आत्या, तुमची पाठ तुटत नाही. स्क्रू तुटतो.”

“तुटेल एक दिवस. मग काढ पकडीनं.”

मार्च महिन्यात एका घरी दुमजली पलंग जोडताना वरच्या कठड्याचा स्क्रू तुटला. फिरकीनं नेहमीप्रमाणे तो काढला, दुरुस्त केला. पण गिऱ्हाइकानं मधेच फोटो काढून कंपनीला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. हा आमचा सेवा विभागाचा प्रमुख. आयुष्यात पलंगावर झोपण्यापलीकडे पलंगाशी संबंध नाही. त्यानं शेऱ्यांची वही उघडली आणि लिहिलं : ‘फिटरचा हात जड.’

फिरकी म्हणाली, “साहेब, स्क्रू कच्चे आहेत. मी साबण लावते म्हणून एवढे तरी टिकतात.”

“साबण?” साहेबाचं पेन पुन्हा खाली आलं. ‘बाहेरचा पदार्थ वापरला.’ दुसरा शेरा. “पुस्तिकेत साबण आहे का? नाही ना? पुस्तिकेप्रमाणे काम करायचं. तिसऱ्या शेऱ्याला ओळखपत्र इथे टेबलावर ठेवायचं आणि निघायचं.”

अकरा वर्षांत एक शेरा नव्हता, त्या दिवशी पाच मिनिटांत दोन. मी बाहेर उभा होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी आत घुसणार तेवढ्यात तिनं मला दारातच अडवलं. चेहरा थंडगार. म्हणाली, “ओरडू नका दादा. ओरडलात की त्याला बरं वाटेल. याची मी नीट जिरवणार आहे.”

त्या रविवारी ती सभेत पहिल्यांदा उठली. हातात कंपनीची पुस्तिका. “पान चार. ‘स्क्रू तुटल्यास काम थांबवून कार्यालयाला कळवावे. नवीन स्क्रू पाठवला जाईल.’ आपण वेडे, स्वतःच काढत बसतो. उद्यापासून पुस्तिकेप्रमाणे. साबण खिशातून बाहेर.”

कुणीतरी म्हणालं, “फिरकी, तुझे दोन झालेत. तिसरा आला तर?”

“तर जाईन. पण हा शेरा घेऊन घरी बसणार नाही. माझा हात जड म्हणतो मेला!”

सगळ्यांनी साबण काढून टेबलावर टाकले. खोलीला न्हाणीघरासारखा वास यायला लागला.

सोमवारी दहा वाजता पहिला फोन फिरकीचाच. “साहेब, डोकं उडालं. स्क्रूचं हो, तुमचं नाही. पान चारप्रमाणे काम थांबवलंय.” दुपारपर्यंत साहेबाला फोन ठेवायला फुरसत नव्हती. नवा स्क्रू यायला तीन आठवडे. गुरुवारपर्यंत गावभर अर्धवट पलंग, एका पायावरची टेबलं, बिनदाराची कपाटं. आम्ही कशाची मोडतोड केली नाही. आम्ही फक्त त्यांचं सामान त्यांच्याच नियमानं जोडलं. आणि खोटं कशाला बोलू, प्रत्येक कट्‌ आवाजाला मला गुदगुल्या होत होत्या. फिरकीची सासू तेवढी खूश. आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या वडीनं आंघोळ.

शुक्रवारी कार्यालयात गिऱ्हाइकांची ही गर्दी. साहेबानं सगळ्यांसमोर फिरकीला बोलावलं, वही उघडली. मी तिच्या मागेच उभा राहिलो.

“ही बाई सगळ्याच्या मुळाशी आहे,” तो लोकांना म्हणाला. “हात जड. स्क्रू तोडते.”

फिरकीनं ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. “लिहा तिसरा. पण आधी एक करा. तुमचं हे नवं कपाट आठवडाभर तसंच पडलंय. वरची बिजागरी एकाच स्क्रूवर बसते, तेवढा लावायचा उरलाय. पाकीट बंद आहे, तुम्हीच फोडा. तुमच्या हलक्या हातानं बसवा. बसला तर मी चालले.”

“मी इंजिनिअर आहे,” साहेब म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.

दार फिरकीनं धरलं. साहेब फिरवायला लागला. पहिले आटे सरसर गेले, तो लोकांकडे बघून हसलासुद्धा. मग जोर लागला. मान लाल, ओठ दाताखाली. माझी नजर टेबलावरच्या त्या ओळखपत्रावर. अजून एक फेरा. अजून अर्धा.

कट्‌.

डोकं उडून एका आजीबाईंच्या पायाशी पडलं. त्यांचं जेवणाचं टेबल तीन दिवस आडवं पडलं होतं. त्यांनी ते स्क्रूचं डोकं उचललं, चष्म्यापुढे धरलं आणि वहीवर ठेवलं. “लिहा हो आता. साहेबांचा हात जड. पेन देऊ का?”

गर्दी जी हसली! साहेबानं दोन्ही शेरे स्वतःच्या हातानं खोडले, खाली सही केली. फिरकीनं ती वही गर्दीकडे फिरवून धरली, शेवटच्या माणसाला दिसेपर्यंत. मग ओळखपत्र गळ्यात घातलं.

दोन महिन्यांनी जाड मानेचे पिवळे स्क्रू यायला लागले.

त्या शुक्रवारी आम्ही निघताना साहेब हळूच म्हणाला होता, “ताई, एवढी दांडी काढून द्या. साबण लावा हवं तर.”

तिला पाच मिनिटांचं काम. पकड पिशवीत होती, मी पाहिली होती.

“पान चार, साहेब,” ती म्हणाली. “काम थांबवून कळवावे. मी कळवलंय.”

काल कार्यालयात तक्रारीचा कागद द्यायला गेलो होतो. कपाटाचं ते दार अजून एका बिजागरीवर तिरकं लोंबतंय. मी मुद्दाम उघडून पाहिलं. कुरकुरतं. पुन्हा एकदा उघडलं.