डाग नसलेले फॉर्म

शिंदेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकूरजवळच्या एका खेड्यात, परक्या ओसरीवर, फॉर्म भरत बसले होते. हातातला फॉर्म पूर्ण केला, मगच रडले. बाईंनी तसंच शिकवलं होतं...

नांदेडच्या आमच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या त्या प्रमुख होत्या. मी घरातली पहिली पदवीधर, त्याचा ताठा होताच. नायगावकडच्या पहिल्याच सर्वेक्षणात उन्हाला कंटाळून मी बाभळीखाली बसले आणि लेकरांच्या जुलाबाचे वीस घरांचे फॉर्म मनानंच भरून टाकले. बाईंनी गठ्ठा नुसता चाळला.

"एकावर पण चहाचा डाग न्हाई, हळदीचं बोट न्हाई. घरात गेलतीस, का झाडाखाली बसलतीस?"

मी गठ्ठा परत घ्यायला हात पुढं केला, त्यांनी तो मागं ओढला.

"तुझ्या मायला न विचारताच कुणी 'लेकरं बरी हायत' लिवलं तर चालंल का तुला?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्यासोबत घरोघर फिरल्या. एका सुनेनं कणकेच्या हातानंच फॉर्म ओढला. "काय लिवून राहिल्या, दावा की!" बाई खुदकन हसल्या. तो फॉर्म त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला.

पुढं एका मोठ्या प्रकल्पाचे भरलेले फॉर्म असेच, एकही डाग नसलेले आले. त्या फॉर्मांच्या हिशेबानं तिथल्या गावांत जुलाब उरलेच नव्हते. त्यावरून केलेल्या अहवालावर बाईंनी सही नाकारली. महिन्याभरात त्यांची लातूरला बदली झाली आणि त्यांच्या खुर्चीत सही करणारे साहेब बसले. जाताना बाईंनी काचेखालचा फॉर्म माझ्या हातात दिला.

शोकसभेत त्याच साहेबांनी फोटोला हार घातला, डोळे पुसले, आणि तोच अहवाल बाईंच्या स्मृतीस अर्पण करणार म्हणून जाहीर केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे बाईंच्या हाताखाली शिकलेले होते. साहेबांपेक्षा त्यांची किळस जास्त आली.

सभेनंतर साहेबांनी बोलावलं. "मॅडम, लेखकांत तुमचंबी नाव टाकलंय. बढतीला कामाला येईल. इथं सही करा."

"यातल्या एका तरी घरात कुणी गेलतं का, सर?"

"आता बाई न्हाईत... कशाला उकरता?"

मी सही केली नाही. बढती गेली. अहवाल मात्र छापून आला, पहिल्या पानावर बाईंचा फोटो. त्या गावांतली लेकरं अजून तेच घाण पाणी पितात.

तो फॉर्म आता माझ्या काचेखाली आहे. कणीक कधीच झडली, तेलकट अंगठा तेवढा राहिलाय. नवी मुलं गठ्ठा आणतात, तेव्हा मी वाचायच्या आधी एकेक कागद खिडकीच्या उजेडाला धरते.