कानसेनकाकांचा रविवार

रविवारी सकाळी अख्खी गल्ली पांघरुणात असायची, तेव्हा कानसेनकाका जुन्या बनियनचं फडकं खांद्यावर टाकून गाडीपाशी उभे असत. गाडी तशी साधीच. छोटी, राखाडी, दुसऱ्याने वापरून विकलेली. पण तिची बडदास्त अशी, की शेजारच्या बायकांनी ती बघावी आणि घरी जाऊन नवऱ्यांना टोमणे मारावेत.

आधी चाकं. टायरच्या खाचेत नाणं उभं घालून रबर किती उरलंय ते बघायचं, हवा मोजायची, मग डिकीतल्या स्टेपनीचीही मोजायची. "अडीअडचणीला जो धावून यायचा, त्याचीच आपण कधी विचारपूस करत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मग बॉनेट उघडायचं. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची आणि थर्मामीटर वाचावा तशी उजेडात धरून वाचायची. रेडिएटरचं पाणी बघायचं ते इंजिन थंड असतानाच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणारा माणूस काकांच्या लेखी चालत्या बसमधून उडी मारणाऱ्याइतकाच शहाणा होता. वायपरच्या रबरावरून अंगठा फिरवायचा आणि मग दिवे.

दिव्यांना काकू लागत. गॅसवरचं असेल ते तसंच ठेवून त्या येत आणि गाडीच्या मागे उभ्या राहत. काका आत बसून पुकारत, "डावा."

"लागला," असं म्हणून काकू हात वर करत.

"उजवा."

"लागला."

"ब्रेक."

"लागला." आणि हात वर. काका आरशात तो हात बघत आणि पुढच्या दिव्याकडे वळत. हात खाली आल्यावरही काकूंचे ओठ बराच वेळ हलत असत. म्हातारपणी बायकांना पुटपुटायची सवय लागते, असं काका धरून चालले होते.

सगळ्यात शेवटी मुख्य कार्यक्रम. इंजिन चालू करून काका डोळे मिटून बॉनेटवर मान झुकवत. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, शिंकायचंही नाही. मग काचा खाली करून गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी, मध्ये दोन-तीनदा ब्रेक दाबायचा, कान टवकारायचे आणि परत यायचं. "गाडी सगळं सांगते हो, माणूस ऐकत नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. चाक खोलून ब्रेक बघण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. कान होते ना.

कानसेन हे नाव छापखान्यातलं. काकांनी सारी नोकरी तिथल्या मोठ्या यंत्रावर काढली. बाहेर चहा पिताना नुसत्या आवाजावरून ते सांगत, की तिसरा रोलर कोरडा पडलाय, आणि तो खरंच पडलेला असे. यंत्र एवढं धडधडायचं, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागे. मालकाने एकदा कानात घालायला बोळे दिले होते. काकांनी ते ड्रॉवरमध्ये टाकले. कानात बोळे घालून कानसेन कसं होणार?

निवृत्तीनंतर काकांची जगाबद्दल एकच तक्रार होती. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवरचे बातम्या देणारे, दुकानातल्या मुली, फोनवरची लेकसुद्धा. दाराची घंटा कंपनीने इतकी मिळमिळीत बनवली होती, की काकूच नेहमी उठत. काकूंना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय जडली होती आणि तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, जी गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती आणि फक्त काकांना नव्हती. गेले काही आठवडे त्यांची गाडी ब्रेक दाबला की ओरडत होती. बारीक, टोकदार, कुंईं करून. ब्रेकचे पॅड झिजत आले, की त्यांच्यावरची एक पातळ पत्री चाकाच्या तबकडीला घासते आणि ओरडते. मालकाला वेळेवर जाग यावी म्हणून ती मुद्दाम तशी बसवलेली असते.

समोरच्या मास्तरांनी आवाज ऐकला आणि ते गप्प बसले. कानसेनांना गाडीबद्दल सांगायचं म्हणजे सूर्यापुढे काजवा मिरवण्यासारखं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने ऐकला आणि त्याला वाटलं, काकांनी पॅड मागवले असतील, यायचे असतील. काकूंनी तर रोज ऐकला. पण आपल्याला ऐकू येतंय म्हणजे यांना महिनाभर आधीच आलं असणार, असा त्यांचा हिशेब. उगाच बोलायला जायचं आणि "तू गाडीत लक्ष घालू नकोस" हे ऐकून घ्यायचं कुणी सांगितलंय? काकांनी तेवढं एक पाहिलं, की ब्रेक ऑइलची पातळी जराशी उतरली होती. त्यांनी ती भरली, फडक्याने झाकण पुसलं आणि समाधानाने हात धुतले.

अशात लेकीचा फोन आला. ती घाटाच्या वरच्या गावात राहायची. तिची मुलगी नुकती मान धरायला लागली होती आणि लेकीला थोडे दिवस आईकडे येऊन झोप काढायची होती. जावई म्हणत होता, भाड्याची गाडी करू. लेक म्हणाली, "मुळीच नाही. कुणाची कशी गाडी असेल काय माहीत. बाबांच्या गाडीतच तिला आणणार."

काकूंनी फोन ठेवून हे काकांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा कळल्यावर काका खुर्चीतल्या खुर्चीत दोन बोटं उंच झाले. त्या आठवड्यात गाडीची तपासणी रोज झाली. प्रत्येक फेरीत ती कुंईं करून ओरडली आणि प्रत्येक वेळी काका समाधानाने म्हणाले, "घड्याळासारखी चालतेय."

शनिवारी दोघं घाट चढून गेले. चढाला ब्रेक लागतोच किती? दुपारी पोचले, नातीला मांडीवर घेतलं, आणि काकांना वाटलं, आपलं सगळं ठीक झालं या जगात. त्यांना खरोखर तसं वाटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.

सकाळी निघायची तयारी झाली. लेकीच्या घरासमोरचं अंगण उताराचं होतं. लेक मुलीला घेऊन पायरीवर उभी, काकू पिशव्या मोजत, जावई डिकी उघडायला थांबलेला. काकांनी गाडी मागे घेतली आणि ब्रेक दाबला. मुलीने दचकून भोकाड पसरलं. लेकीने तिला थोपटून गप्प केलं. काकांना जागा पसंत पडेना, त्यांनी गाडी पुढे घेऊन पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा भोकाड. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा काका काचेतून डोकं काढून हसत म्हणाले, "हिला आजोबांची गाडी आवडलेली दिसत नाही."

"गाडी नाही बाबा, तो आवाज," लेक म्हणाली. "त्याला घाबरते ती."

"कुठला आवाज?"

लेकीने आईकडे बघितलं. आईने जावयाकडे. जावयाने कालच तो ऐकला होता आणि सासऱ्यांना शिकवायला नको म्हणून गिळला होता. तो आता डिकीच्या कुलपाकडे असा बघायला लागला, जसं काही कुलूप प्रथमच बघतोय.

"अहो, ब्रेकचा," काकू म्हणाल्या. "किती दिवस झाले ओरडतोय. तुम्हाला माहीत असेल म्हणून मी..."

काकांनी इंजिन बंद केलं, उतरले, पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसले आणि जाळीतून आत बघितलं. जेवढं दिसलं तेवढं पुरे होतं. पॅड जवळजवळ संपला होता. मग त्यांना ते उतरलेलं ऑइल आठवलं. पॅड झिजतात तसं ऑइल खाली उतरतं, हे त्यांनी आजवर किती जणांना समजावून सांगितलं असेल. गाडीने दोनदा निरोप धाडला होता. एक त्यांना पोचलाच नाही, आणि दुसरा त्यांनी आपल्या हाताने ऑइल ओतून बुजवला.

त्यांनी मान वर करून बघितलं तर समोर पायरीवर नात होती, डोळ्यांत अजून पाणी, आणि तिच्या मागे डोंगरावरून खाली गेलेला रस्ता. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती, आणि इतकी लाजही.

गावातल्या गॅरेजवाल्याने दुपारपर्यंत चारही चाकं खोलून, पॅड बदलून, तबकड्या साफ करून दिल्या. काका तिथे स्टुलावर बसून होते, एका शब्दाने मध्ये पडले नाहीत. परत आल्यावर त्यांनी किल्ली जावयापुढे धरली. "भाड्याची गाडी सांगा तुम्ही. ही इथेच राहू दे. मी नाही नेत हिला."

जावई किल्ली घ्यावी की न घ्यावी अशा पेचात पडला. लेक आतून आली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"बाबा, मला राग आलाय," ती म्हणाली. काकांना ऐकू यावं म्हणून ती त्यांच्या समोर बसली होती आणि सावकाश बोलत होती. "तुमचा आलाय, आईचा आलाय, यांचा तर खूपच आलाय. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी बोललं नाही. म्हणजे काय?"

"चूक माझी आहे."

"आहेच. पण डोळे ठीक आहेत ना तुमचे? हात-पाय?"

"आहेत."

"मग गाडी तुम्हीच चालवायची. ऐकायचं काम आईचं. ती पुढे बसेल आणि जे ऐकू येईल ते बोलेल, तुम्हाला आवडो न आवडो. आणि घरी पोचल्यावर कान तपासायचे. कबूल असेल तर मी हिला घेऊन बसते. नसेल तर भाड्याची गाडी सांगते आणि तुमच्याशी बोलत नाही."

काकांनी किल्ली मागे घेतली. मग ते नाणं काढून टायर बघायला गेले.

घाट ते ज्या गिअरमध्ये चढले होते त्याच गिअरमध्ये उतरले. शेजारी काकू पाठ ताठ करून बसल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीत बोलायची परवानगी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती आणि ती त्या वाया घालवणार नव्हत्या.

"खडखडलं."

"कुठे?"

"मागे. थांबा. नाही, डब्याचं झाकण आहे." थोड्या वेळाने, "शिट्टी वाजतेय."

"कसली?"

"काच उघडी आहे तुमची. लावा ती." आणि पुढच्या वळणावर ब्रेक लागला तेव्हा काका त्यांच्याकडे न बघता त्या काय म्हणतात याची वाट बघत राहिले. काकूंनी कान देऊन ऐकलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "एकदम गप्प आहे."

नात खालच्या गावापर्यंत झोपून होती.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना एका खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. जाडे आवाज आले, बोट वर गेलं. मग बोट बराच वेळ मांडीवरच राहिलं. बाईंनी समजावलं, की बारीक आवाज आधी जातात आणि इतके हळूहळू जातात, की माणसाला पत्ता लागत नाही. इंजिनाची घरघर ऐकू येत होती, म्हणून काकांना वाटलं, सगळंच येतंय. यंत्राजवळ काम केलेल्यांचं असंच होतं, बाई म्हणाल्या. काकांना ते ड्रॉवरमधले बोळे आठवले, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कानातली यंत्रं आली. पहिल्या दिवशी काका चिडले. वर्तमानपत्राची घडी कडकडत होती, नळ ओरडत होता, स्वतःच्याच चपला मागून कुणीतरी चालत असल्यासारख्या वाजत होत्या. दाराची घंटा वाजली तेव्हा ते दचकून उभे राहिले. मास्तर होते. मास्तर नेहमीप्रमाणे ओरडून बोलले आणि काका म्हणाले, "ओरडता कशाला? बहिरा आहे का मी?" आत काकूंना हसू आवरेना, तेही त्यांना ऐकू आलं.

मग रविवार आला. नाणं, स्टेपनी, पट्टी, पाणी, वायपर. नव्या यादीत आणखी एक काम होतं. काकांनी चाकांच्या जाळीतून विजेरी मारून ब्रेकचे पॅड डोळ्यांनी बघितले. कानावर विसंबायचं नाही, हे त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं. मग ते आत बसले. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. लेक नातीला घेऊन खिडकीत होती.

"डावा."

"लागला," मागून आवाज आला. आणि त्याच्या पाठोपाठ, हळू आवाजात, "गुडघाही लागलाय ठणकायला, पण सांगते कुणाला."

काकांचा हात दिव्याच्या बटणावर थांबला. त्यांनी आरशात बघितलं. काकूंचा हात खाली आला होता आणि ओठ हलत होते. दर रविवारी हलायचे तसेच.

"उजवा," काका हळूच म्हणाले.

"लागला. उभं राहवत नाही मेलं, दूध उतू जाईल ते वेगळंच."

काका उतरून मागे गेले. काकूंना वाटलं, दिवा बिघडला, म्हणून त्या वाकून बघायला लागल्या.

"गुडघा कधीपासून दुखतोय?"

काकू वाकलेल्याच राहिल्या. मग सावकाश सरळ झाल्या. "तुम्हाला ऐकू आलं?"

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," काकू म्हणाल्या. "दर रविवारी सांगतेय की."

काका घरात गेले. गॅस बंद करून, स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन बाहेर आले आणि ते त्यांनी गाडीच्या मागे, डगमगणार नाही अशी जागा बघून ठेवलं. हाताने दाबून पाहिलं. एक पाय किंचित उचलला जात होता, त्याखाली त्यांनी खांद्यावरच्या फडक्याची घडी सारली. काकू बसल्या. मग काका पुन्हा आत जाऊन बसले आणि त्यांनी काच पूर्ण खाली केली.

"ब्रेक," ते म्हणाले, आणि ब्रेकवर पाय दाबून धरून काकू काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.