उलटा उतरणारा फॉरवर्ड

दोन किलो चकलीची भाजणी घेऊन मी सिंगापूरला धाकट्या बहिणीकडे उतरले. मृणाल नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकात फिजिओथेरपिस्ट. तिची ड्यूटी संपेपर्यंत मी क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसायचे, आणि गप्प बसणं माझ्या कुंडलीतच नाही. शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेला एक उंच गृहस्थ होता. पाच मिनिटांत त्याचं घरदार मला पाठ झालं.

एर्नेस्तो, उरुग्वेचा, वय पस्तीस. फुटबॉलमधला फॉरवर्ड (ज्याने गोल करायचे तो). चिली, व्हिएतनाम, इंडोनेशिया करत इथल्या एका क्लबात आला होता. परदेशी खेळाडूचा करार वर्षाचा. पुढच्या वर्षीचा हवा, तर गुडघा ठीक असल्याचा मृणालचा शेरा लागणार होता.

"मला एकच सीझन हवाय," तो म्हणाला. "मुलीने मला मैदानात कधी पाहिलेलंच नाही. पुढच्या जुलैत तिला शाळेला सुट्टी आहे. तेव्हा येणार आहे ती." आणि त्याने शनिवारच्या मॅचचं तिकीट माझ्या हातावर ठेवलं.

मृणालची ड्यूटी होती, म्हणून मी एकटीच गेले. मैदान जुरोंग ईस्टजवळ, माणसं जेमतेम दोनशे, उकाडा असा की पदर पिळावा. शेवटच्या वीस मिनिटांत एर्नेस्तो आला आणि जागचा फारसा न हलता डोक्याने गोल केला. मी मराठीत ओरडले.

नंतर त्याने मला हॉकर सेंटरला (खाण्याच्या गाळ्यांचा बाजार) नेलं. माझ्या 'व्हेज' नूडल्समधून कोळंबी निघाली. तो पोट धरून हसला, त्याने ताट स्वतःकडे ओढलं आणि मला पपईच्या फोडी आणून दिल्या. स्टेशनकडे जाताना पादचारी पूल लागला. उतरताना तो कठडा धरून पाठमोरा वळला आणि माळ्याची शिडी उतरावी तसा एकेक पायरी उतरला.

"सवय," तो म्हणाला.

घरी पिठलं वाढताना मी सगळं रंगवून सांगितलं, उलट्या जिन्याची नक्कलसुद्धा केली. मृणालचा घास हातातच राहिला.

"किती पायऱ्या, ताई?"

"सगळ्याच. का गं?"

"सरळ उतरताना गुडघ्याला भार झेपत नाही, म्हणून उलटा उतरतो. माझ्यासमोर सगळ्या चाचण्या नीट देतो तो. दुखणं दाबायच्या गोळ्या घेऊन येत असणार."

"अगं, मी आपलं सहज बोलले. तू विसर."

"कसं विसरू? अजून वर्षभर खेळला तर काठी येईल हातात."

मंगळवारी तिने त्याला गोळ्या न घेता बोलावलं आणि दवाखान्याच्या जिन्यावर नेलं. शेरा मिळाला नाही.

मी निघायच्या दिवशी तो निरोप द्यायला आला. करार संपला की सिंगापूरला राहायचा पासही संपणार होता. "तुमची बहीण हुशार आहे," तो म्हणाला. "चार देशांतल्या डॉक्टरांना जे कळलं नाही, ते तिला कळलं. राग नाही माझा."

"मुलीला सांगितलंत?"

"अजून नाही. तिने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय."

सांगायला हवं होतं की कळवणारी मी होते. पण मी "सांभाळून जा," म्हटलं आणि टॅक्सीत बसले.

पुण्यात सगळे विचारतात, सिंगापूर कसं? मी बागा सांगते, स्वच्छता सांगते. मृणाल फोनवर म्हणते, "ताई, तुझ्यामुळे त्याचा पाय वाचला." खरंच वाचला असेल. पण जुलै लागला की जिना उतरताना मी मधल्याच पायरीवर थांबते. त्या मुलीला सुट्टी लागलेली असते.