ताईच्या जागी बसवलेला डबा

लिफ्टवाल्यांच्या घरात गिटारी दोन, वाजवणाऱ्या दोन आणि ऐकून घेणारा एक. ऐकून घेणारे ते स्वतः. वाजवणाऱ्या म्हणजे त्यांची बायको आणि तिची थोरली बहीण. बायकोला सगळी इमारत धाकटी म्हणे आणि बहिणीला ताई. लिफ्टवाल्यांचं आयुष्य दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्यात आणि वरच्या मशीनच्या खोलीत चढण्यात गेलेलं. संगीतातलं त्यांना एवढंच कळे, की दोघींचं वाजवणं चालू असताना चहा मागायचा नसतो.

आठवड्यातून एकदा ताई दोन गल्ल्या ओलांडून यायची. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडलेल्या असत, धाकटीची डावीकडे आणि ताईची तिच्या उजव्या हाताला. प्रत्येकीच्या खुर्चीमागे तिचा तिचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. ताईचा फार जड, म्हणून तो कायमचा इथेच मुक्कामाला. वर्षातून एकदा ग्रंथालयाच्या सभागृहात दोघींचा कार्यक्रम व्हायचा. कपडे काय घालायचे ते आधी ठरे, वाजवायचं काय ते सावकाश मागून.

यंदा सराव चालू असताना ताईने मध्येच हात थांबवला.

"तू मागे पडतेस."

"मी कुठे मागे पडतेय? तूच पुढे पळतेस."

"लहानपणापासून मागे पडतेस. शाळेतून येताना तुझ्यासाठी कोपऱ्यावर ताटकळायला लागायचं मला."

"ताटकळायचीस कसली? पुढे जाऊन आईला सांगायचीस, धाकटी रमतगमत येतेय म्हणून."

पुढचं सगळं सांगण्यासारखं नाही. त्यात एका जुन्या फ्रॉकचा विषय निघाला, मामाच्या लग्नातल्या एका फोटोचाही निघाला, आणि मग ताई गिटार पाठीला लावून जी गेली ती पुन्हा फिरकली नाही.

धाकटीचा राग कपाटांवर निघतो. तिने घर आवरायला काढलं. लिफ्टवाल्यांची पक्कड बरणीत सापडू लागली आणि चष्मा सापडेनासा झाला. ताईच्या ॲम्पवर चादर पडली. "रविवारी ग्रंथपालबाईंना फोन करून नाही म्हणून कळवते," धाकटी म्हणाली. "एकटीने काय वाजवायचं? अर्धीच भिंत रंगवून सोडल्यासारखं. आणि हो, त्यानंतर ही गिटारही माळ्यावर टाकायची. उगाच जागा अडवते."

हे ऐकून मात्र लिफ्टवाले हिशेबाला लागले. गिटार माळ्यावर गेली तर उरलेला जन्म आपली पक्कड शोधण्यात जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. शिवाय, खोटं कशाला बोला, धाकटी वाजवत असली की ते दाराआड उभे राहून ऐकत. कबूल करत नसत, ही गोष्ट वेगळी.

आणि एक प्रश्न त्यांना छळू लागला होता. मागे म्हणजे किती मागे? माणूस आत शिरला की लिफ्टचं दार जरा थांबून मग मिटतं. ते थांबणं कमीजास्त करणं हे तर त्यांचं रोजचं काम. दार थांबवता येतं, मग आवाज थांबवता येईल का?

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन त्यांनी विचारलं, "आवाज थोडा वेळ धरून ठेवून मग सोडायचाय."

"किती वेळ?" दुकानदार म्हणाला.

"डोळा लवेल एवढा."

"कशासाठी?"

"घरगुती कारण आहे."

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि खणातून काळा, सोळा पायांचा किडा काढून हातावर ठेवला. "हा आयसी न्या, म्हणजे चिप. घरी गाणं म्हणायच्या मशीनमध्ये हाच असतो. लोकांना दिवाणखान्यातही बाथरूममध्ये गातोय असं वाटायला हवं असतं. गिटारवाले याचं डिले पेडल करतात. पायाने बटण दाबलं की वाजवलेला सूर मागून पुन्हा येतो."

"दुसऱ्या ॲम्पमधून येईल?"

"दोन ॲम्प आहेत तुमच्याकडे? मग तर मजाच. तार आली की तिला दोन फाटे फोडा. एक सरळ जाऊ दे, एक या किड्यातून. एका बाजूने सूर, दुसऱ्या बाजूने त्याचा उशिरा आलेला भाऊ."

"बहीण," लिफ्टवाले म्हणाले.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा करणं हे पहिलं काम, ते त्यांनी आनंदाने केलं. पायाने दाबायचं बटण म्हणून भंगारात निघालेल्या लिफ्टचं गोल, पितळी बटण बसवलं. त्यावर दार उघडायच्या दोन बाणांची खूण तशीच होती. दोन दिवस डबा नुसता माशीसारखा गुणगुणत होता. मग कळलं की आतल्या सर्किटच्या पट्टीची अर्थिंगची तार पत्र्याला लागलेलीच नाही. ती लावल्यावर माशी गेली. वेळ कमीजास्त करायला वर एक नॉब. धाकटी कपाटातून डोकं काढून अधूनमधून बघायची. "काय चाललंय तुमचं?" "काही नाही." नवराबायकोत यापेक्षा जास्त बोलणं तेव्हा होत नव्हतं.

बेत असा होता: धाकटीच्या ॲम्पमधून तिचा सूर सरळ निघेल आणि ताईच्या ॲम्पमधून तोच जरा उशिरा. दोन गिटारी झाल्या, कार्यक्रम झाला, पक्कड जागेवर आली.

पण लिफ्टच्या धंद्यात डावं-उजवं ठरतं ते बाहेर उभं राहून, दाराकडे तोंड करून. लिफ्टवाल्यांनी जन्मभराच्या सवयीने धाकटीसमोर उभं राहून, तिच्याकडे तोंड करून तारा जोडल्या. त्यांचा डावा हात म्हणजे तिचा उजवा. सरळ सूर गेला ताईच्या ॲम्पमध्ये, आणि उशिराचा आला धाकटीच्या.

"वाजव बघू एकदा. माझ्यासाठी," ते म्हणाले.

धाकटीने नाक मुरडत गिटार घेतली, चार सूर वाजवले आणि हात तसाच धरून ठेवला. तिच्या उजवीकडून, रिकाम्या खुर्चीमागून सूर आधी आला होता. तिचा स्वतःचा मागून.

"चुकलं गं," लिफ्टवाल्यांच्या तेवढ्यात लक्षात आलं. "तारा उलट्या लागल्या. थांब, बदलतो."

"हात लावू नका." ती पुन्हा वाजवू लागली. एक अख्खी ओळ वाजवली, मग दुसरी. "अहो, ही ताईच आहे. बघा, कशी पुढे पळतेय. मी म्हणत नव्हते?"

ती खुशीत आली आणि थोड्याच वेळात विचारात पडली. "पण यात माझाच आवाज मागून येतोय, नाही का?"

"तारा बदलल्या तर तिचा मागून येईल."

"तेवढ्याने?"

"तेवढ्यानेच. डबा तोच, वेळ तीच."

"मग आमच्यातलं नक्की चुकतंय कोण?"

"ते डब्याला माहीत नाही," लिफ्टवाले म्हणाले. खरं तर हेच त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. तिला ताईच्या खुर्चीत बसवलं, तिथून वाजवायला लावलं, तारा बदलल्या, पुन्हा बदलल्या. त्या दुपारी घरात नुसत्या दोन गिटारी वाजत होत्या.

आता खालच्या मजल्यावर शिंपीणकाकू राहतात. त्यांच्या शिवणयंत्राचा पाय थांबला की समजावं, इमारतीत काहीतरी घडतंय. त्यांनी दोन गिटारी ऐकल्या, ताई आलेली नाही हे तर त्यांना खिडकीतून माहीतच होतं, आणि संध्याकाळी ब्लाउजाच्या बाह्या द्यायच्या निमित्ताने त्या ताईकडे हजर. "धाकटीने नवी जोडीदारीण आणलीय वाटतं. छान हात आहे हो बाईचा. अगदी तुमच्यासारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात. पाठीला गिटार. तिने दिवाणखाना पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, बाल्कनीचा पडदा बाजूला केला.

"कुठेय ती?"

"कोण ती?"

"माझ्या खुर्चीत बसते ती."

लिफ्टवाल्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. ताईने खाली वाकून डबा पाहिला. त्यावर बिस्किटं खाणाऱ्या गुबगुबीत मुलीचं चित्र होतं.

"जावईबापू, माझ्या जागी तुम्ही या पत्र्याच्या डब्यावर भागवलंत?"

"ऐकून तर बघा, ताई."

धाकटीने वाजवून दाखवलं. ताई हाताची घडी घालून उभी. मग म्हणाली, "मी एवढी पळत नाही."

"एवढीच पळतेस."

"सरक." ताई आपल्या खुर्चीत बसली, आपली गिटार डब्याला जोडली आणि वाजवलं. तिच्या मागच्या ॲम्पमधून सूर सरळ, धाकटीच्या ॲम्पमधून उशिरा. ताईचा चेहरा उजळला. "बघ. ही तू. रमतगमत."

"एवढीही रमत नाही मी." धाकटीने वाकून नॉब जरा मागे फिरवला.

"काहीतरीच. एवढीशी? मग भांडलो कशाला?" ताईने तो पुढे फिरवला.

नॉब इकडून तिकडे, तिकडून इकडे. लिफ्टवाले खुर्ची ओढून मध्येच बसले, कारण त्यांना याचं उत्तर कधीपासून हवं होतं. "शून्यावर न्या म्हणजे दोघी बरोबर येतील," धाकटी म्हणाली. नॉब पार बंद केला तरी मागचा सूर पुसटसा मागे राहिलाच. "त्या किड्याला त्याहून कमी जमत नाही," लिफ्टवाले म्हणाले. "थोडं तरी थांबतोच." ताईने डब्यावरच्या गुबगुबीत मुलीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसली.

शेवटी एका जागी दोघींचे हात एकदम थांबले.

"एवढं," ताई म्हणाली.

"हं. एवढं," धाकटी म्हणाली.

"कशावरून?" लिफ्टवाल्यांनी विचारलं. त्यांचा हा प्रश्न अगदी सरळ होता. "खरं वाजवून पडताळायला हवं ना?"

ताईने आपली तार डब्यातून उपटून सरळ ॲम्पमध्ये घातली. धाकटीनेही घातली. गिटार गुडघ्यावर ठेवताना ताई म्हणाली, "मी पळणार. मला तसंच येतं."

"पळ. मी येते मागून."

दोघी वाजवू लागल्या. लिफ्टवाले डबा मांडीवर घेऊन, डोळे मिटून, डावा कान एकीकडे आणि उजवा दुसरीकडे लावून बसले. फरक होता. नॉब जिथे थांबला होता तेवढाच होता, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. त्यांना इतकं बरं वाटलं की चहा मागायची इच्छाही झाली नाही. आणि दोन सुरांच्या मधल्या त्या जागेत खोली मोठी झाल्यासारखी वाटत होती. डब्याने वाजवताना तशी झाली नव्हती. असं का, हा नवा प्रश्न त्यांनी मनात टाचून ठेवला.

"अहो," वाजवता वाजवताच धाकटी म्हणाली, "ग्रंथपालबाईंना फोन करा. येतोय म्हणावं."

लिफ्टवाल्यांनी आत जाऊन फोन लावला. "हो, दोघीही येतायत," ते म्हणाले. "फक्त श्रोत्यांना एक सांगून ठेवा. शेवटी टाळ्यांची घाई करू नका. एक पोचली तरी दुसरी यायची असते."