इंजन अजून थंड हाय

आमच्या वाशी गावाहून येडशी स्टेशनला जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरना सगळे उस्ताद म्हणत. त्यांचं खरं नाव मला अजूनही माहीत नाही. हँडल मारून इंजिन सुरू झालं, की लेकराचा ताप पाहावा तसा ते बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहत. मग वेशीपर्यंत मोटार बैलगाडीच्या चालीनं नेत.

दिवाळीनंतर मी हैदराबादला कॉलेजात परत निघालो, तेव्हा विसरलेलं घोंगडं आणायला वडील घरी गेले होते. ते येण्याआधीच मोटार हलली. मी सारखा मागं बघत होतो. थांबवा म्हणायचा धीर होईना.

वेस गेली, ओढा आला, तरी मोटार रांगतच होती.

"उस्ताद, बैलगाड्या पुढं गेल्या की!" शेजारचे अडतदार चिडले. "रेल चुकंल!"

"इंजन अजून थंड हाय, अप्पा. उठल्या उठल्या तुमी तरी पळता का?"

लोक हसले. मी उस्तादांजवळच बसलो होतो; पायाखालची फळी केव्हाची चटके देत होती. त्यांची नजर मात्र आरशात होती.

इतक्यात धापा टाकत वडील आले आणि त्यांनी खिडकीतून घोंगडं माझ्या मांडीवर टाकलं. डोक्यावरून हात फिरवला.

"आता तापलं," उस्ताद म्हणाले, आणि मोटार पळू लागली.